दाराबाहेरची काळी टाकी

मित्रांनो, थांबा, पळू नका! मी एक जुना ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. अंगाने काळा, खांद्यावर पांढरा, आता अडगळीत गंजत पडलेला. नगरच्या एका दवाखान्यात मी उमेदीची वर्षं काढली. तिथे लोक मला 'काळी टाकी' म्हणत आणि मला पाहताच डोळ्यांना पदर लावत. काळी टाकी खाटेशी आली की माणूस जातो म्हणे! अहो, माणूस अगदी शेवटाला आला की मगच मला बोलावत, आणि बोल मात्र मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

एकाहत्तर साली पुण्याचे एक डॉक्टर पोटात बघायची दुर्बीण घेऊन येऊ लागले. लांब, वाकणारी नळी तोंडातून पोटात उतरवायची. त्याआधी गुंगीचं इंजेक्शन द्यायचं. गुंगीत श्वास मंदावतो, म्हणून विजयमाला सिस्टर मला आधीच टेबलाशी उभं करत आणि माझी बारीक नळी रोग्याच्या नाकाला लावत. धडधाकट घरी जाणाऱ्या माणसाजवळ उभं राहायचं, याचा मला कोण अभिमान!

एके दिवशी शेवगावकडून सहादेव आपल्या बायकोला, गोजरबाईला घेऊन आला. पोटदुखीने ती वाळून गेली होती, पण बोलणं मोठं मिश्कील. "नळी गिळायची म्हनं! हितं भाकर गिळंना," म्हणत तिने सिस्टरलाही हसवलं.

मला पाहून सहादेव मात्र दारातच अडला.

"ती टाकी आधी भायेर काढा, बाई. माझ्या बापाला लावली आन् म्हातारा गेला. मी बायकू मरायला आनली व्हय?"

"अहो, ही मारत नाही, जपते," सिस्टर समजावत होत्या.

"न्हाई म्हंजी न्हाई! न्हाईतर आमी चाललो घरी."

"जाऊ द्या की, बाई," गोजरबाई हळूच म्हणाली. "त्यांच्या जिवाला लई घोर लागतो."

बाहेर रोगी खोळंबले होते. डॉक्टर कंटाळून म्हणाले, "राहू द्या बाहेर. घटकाभराचं तर काम."

सहादेवाने स्वतःच मला व्हरांड्यात ढकलत नेलं. दार लागलं. दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून आत अंधार केला. त्या अंधारात गोजरबाईचा श्वास मंदावला. तिचे ओठ निळे पडत होते, ते कुणाला दिसलंच नाही. मनगट धरून उभ्या असलेल्या सिस्टर एकदम ओरडल्या, "साहेब, नाडी! टाकी आणा, टाकी!"

सहादेव मला घेऊन धावला. माझा गाडा उंबऱ्याला अडला. ज्या हातांनी मला बाहेर काढलं होतं, त्याच हातांनी त्याने मला उचलून आत घेतलं. पण उशीर झाला होता.

गोजरबाई वाचली. पोटात साधा व्रण निघाला, औषधाने बरा होणारा. तो बराही झाला. पण शुद्धीवर आल्यावर तिने नवऱ्याकडे बघून विचारलं, "तुमी कोन?" डोक्याला प्राणवायू कमी पडला होता. पुढेही ती तेच विचारत राहिली.

सहादेव तिला डोक्याच्या औषधासाठी आणायचा आणि व्हरांड्यात बसून घास भरवायचा. आत टेबलाशी उभा असलेला मी उघड्या दारातून त्यांना बघायचो. मला फार वाईट वाटे. मी भरलेला होतो हो, काठोकाठ भरलेला!

एकदा पारनेरची एक म्हातारी, कडूबाई, मला पाहून रडू लागली. तिच्या लेकाला दुर्बीण घालायची होती. "काढा ती टाकी!" ती म्हणत होती. सहादेव हातातला घास ठेवून उठला.

"असू दे, मावशे. लेकाजवळच असू दे. मी काढाय लावली हुती." त्याने गोजरबाईकडे बोट दाखवलं. "ही माझी बायकू. मला वळखत न्हाई."

कडूबाई डोळे पुसून माझ्या वाटेतून बाजूला झाली. संध्याकाळी तिचा लेक "आये, भूक लागली," म्हणत तिच्यामागून चालत गेला. सहादेव त्यांच्याकडे बघत राहिला आणि गोजरबाईने त्याला विचारलं, "का रडताय, पाव्हणं?"

मित्रांनो, गुंगीचं औषध देण्याआधी मला जवळ उभं करा. मला पाहून भ्यायचंच असेल, तर मी दाराबाहेर असताना भ्या.