डोंगराची सोयरीक

मी निलम, पाड्याची सरपंच. लोक म्हणतात, बाई तोंडाची फटकळ. असू दे. पण त्या ग्रामसभेत माझ्या तोंडाचीही परीक्षा झाली.

तलासरीकडचा आमचा डोंगर एका मित्रदेशाच्या फौजेला रडारच्या ठाण्यासाठी हवा होता. दिल्लीचे साहेब त्या देशाच्या कर्नलला घेऊन आले. सडक देऊ, दवाखाना देऊ, साहेबांची टकळी चालू होती. पण उन्हाळ्यात सगळा पाडा ज्या झऱ्यावर जगतो, तो त्याच डोंगरावर. मी एकच विचारलं, डोंगराला कुंपण पडल्यावर फाटकाची किल्ली कोणाकडे? साहेब म्हणाले, नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, आमचे घसे सुकल्यावर?

एवढ्यात लडक्याकाकानं घोळ घातला. पाड्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस. पाहुणा दिसला की त्याला राहवत नाही. त्यानं मोहाची दारू आणली, आधी स्वतः घोट घेतला आणि वाटी कर्नलपुढे धरली. आमच्यात बोलणी चालू असताना दोघांनी घोट घेतला, की सोयरीक ठरली. मग ती लग्नाची असो की जमिनीची, शब्द फिरवत नाहीत. मी उठेपर्यंत कर्नलनं वाटी रिकामी केली होती.

काकाचा चेहरा पडला. विरोध कोणाचा, साहेबांनी विचारलं, तर एक हात वर गेला नाही. मला काकाचा असा राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं.

मग म्हटलं, ठरली तर ठरली, आता पुढची रीतही होऊ दे. कर्नलसमोर जाऊन उभी राहिले.

"पाहुणे, तुम्ही आता आमचे घरजावई. घरजावई सासऱ्याच्या घराला आपलं कुलूप लावत नाही. किल्ली आमच्याकडे राहील."

साहेबांनी नाइलाजानं ते इंग्रजीत सांगितलं. कर्नल माणूस खोटा नव्हता. किल्ली त्याच्याच फौजेकडे राहणार, आत इथला कायदाही चालणार नाही, असं त्यानं सरळ सांगून टाकलं.

काका काठी टेकत उठला.

"सोयरीक तुम्ही मोडलीत. आम्ही मोकळे."

साहेब तापले. डोंगर वरून आदेश काढूनही घेता येतो, म्हणाले. तसा घ्या, मी म्हटलं, आमच्या होकारानं नाही. ठरावावर मी नकार लिहिला आणि खाली सही केली. पण उन्हाळा दोन महिन्यांवर आला होता, आणि आदेशाचं साहेबही खोटं बोलत नव्हते.