चारशेवर लावलेला माऊस

“कुणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या दिवशी आमचा कॉम्प्युटर असा सुसाट सुटला होता, की खेळात माझ्या बायकोनं, ल्युबिचाने बंदूक रोखायचा अवकाश, समोरचा स्वतःहून आडवा व्हायचा!” झ्वोंको म्हणाला आणि बिअरचा ग्लास त्याने टेबलावर दणकन ठेवला.

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या खाणगावाच्या पोटात खोदलेल्या त्या क्लबात नऊ माणसं बसली होती. वर सत्तेचाळीस अंशांचं ऊन रटरटत होतं. खाली खडकात गारवा.

“म्हाताऱ्या, गोष्टी मागाहून सांग,” संघाची कप्तान केरिन म्हणाली. “शनिवारी कॉम्प्युटरवरच्या बंदूकबाजीत ब्रोकन हिलच्या संघाशी गाठ आहे. दोन वर्षांपूर्वी याच लोकांशी खेळताना ऐन शेवटच्या फेरीत तुझा कॉम्प्युटर गोठला. आता आपल्या पाच खेळाडूंची पाचही मशीन तुझ्याच हातात द्यायची, की पोर्ट ऑगस्टाहून माणूस बोलवायचा? मत घेऊ.”

“आधी ऐका तरी. मग करा काय हात वर करायचे ते.”

झ्वोंकोने चौतीस वर्षं खाणीत ओपलची रत्नं खणली होती. गुडघे गेले, खाण सुटली, आणि ही पाच मशीनच त्याची खाण झाली. तीही गेली, तर सकाळी उठून काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्या फेरीपासून गावात कुणाचाही कॉम्प्युटर अडकला, की लोक खुशाल म्हणत, “झ्वोंको झाला!” तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

“प्रोसेसरची गती वाढवणं म्हणजे भुयार खणणं,” तो रंगात आला. “टेकू दिल्याशिवाय पुढचा फूट खणायचा नाही. एक पायरी चढवायची, तासभर पूर्ण भार देऊन पळवायचं, तापमानाकडे बघत बसायचं. ऐंशीच्या वर काटा गेला, की निमूट एक पायरी खाली. आमचं मशीन तर मी बेडरूमच्या भिंतीत, खडकात कोनाडा कोरून बसवलेलं. इतकं गार, की ल्युबिचा त्याच्यावर लोणी ठेवायची!”

“आणि माऊस?” त्याचा जुना भागीदार स्पायरोने मुद्दाम काडी घातली.

“माऊसचा वेग चारशेवर, अगदी मंद! म्हणजे मागे वळून बघायचं, तर हात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. तुम्ही पोरंटोरं मनगटानं खेळता. तिनं तीस वर्षं खाणीवरचा रहाट फिरवलाय, ती खांद्यानं खेळते! शेवटची फेरी आठवा. आपले चौघे गारद. त्यांचा एक उरलेला, आपली एकटी ल्युबिचा. गोदामाच्या दारातून ती आत शिरली, खोक्याआडून वळली, तो समोर, पाठमोरा! अरे, दहा पावलांवर!”

माणसं खुर्च्यांच्या कडेला सरकली. निकाल सगळ्यांना पाठ होता, तरी केरिनचीसुद्धा मूठ आवळली गेली.

“आणि इथे माझी हाव नडली,” झ्वोंको म्हणाला. “फेरीच्या आधी मी गपचूप दोन पायऱ्या चढवल्या होत्या. तपासणी नाही, काही नाही. काटा गेला एकशे चाळीसवर! निळा धूर! शेजारच्या घरातला कुत्रा भिंतीपलीकडून शिंकला! तुमच्या पडद्यावर ती नुसती उभी दिसली ना? उभीच असणार, मशीनच मेलं होतं. तो सावकाश वळला आणि त्यानं तिला टिपलं.”

“म्हणजे तू स्वतःच कबूल करतोस,” केरिन म्हणाली. “तपासणी न करता गती वाढवलीस. मग तुला मशीन द्यायची कशी?”

इतक्या वेळा सांगितलेल्या गोष्टीला पुढे असाही फाटा फुटेल, हे झ्वोंकोच्या ध्यानात आलं नव्हतं.

“धूर तर असा...” त्याने पुन्हा सुरुवात केली.

“खोटं.”

कोपऱ्यातल्या टेबलाशी ल्युबिचा बसली होती. उजवा हात मांडीवर, त्याच्यावर डावा घट्ट दाबलेला.

“तू गप गं,” झ्वोंको घाईने म्हणाला. “तुला काय कळतंय त्यातलं?”

“मशीन चालू होतं. समोरचा मला स्वच्छ दिसत होता. माझं बोटच दाबलं जाईना.” ती केरिनकडे वळली. “न तपासता यानं आजवर एक पायरी चढवलेली नाही. आणि माऊस माझ्या खांद्यासाठी नाही लावला चारशेवर. आधी सोळाशे होता, मग आठशे, मग चारशे. तुम्हाला पडद्यावर थरथर दिसू नये म्हणून. काय रे, मला कळत नव्हतं होय?”

ल्युबिचाने डावा हात बाजूला केला आणि उजवा सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. शेजारचा ग्लास बारीक किणकिणू लागला.

“आता घ्या मत,” ती म्हणाली.