असे दिसून येते की

हिरव्या शाईची रेघ ‘असे दिसून येते की’च्या खालून निघून पुढच्या शब्दाला जरा टेकली होती — तिच्या मार्गदर्शक कोकिळा मॅडमचा हात हल्ली थरथरतो, तरी लाल पेन त्या धरत नाहीत, लाल रागावल्यासारखं दिसतं म्हणतात... प्रबंधाच्या या एका प्रकरणात अशा एकेचाळीस रेघा. शेवटच्या रेघेशी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘हे वाक्य पुन्हा भेटलं. बरं चाललंय ना त्याचं?’

मृणालीला हसू आलं. उद्या जळगावला जाऊन मॅडमना प्रकरण द्यायचं होतं आणि रेघा मारलेले ते शब्द काढायला हात धजत नव्हता. ‘वरील विवेचनावरून’, ‘या पार्श्वभूमीवर’, ‘असे म्हणणे वावगे ठरणार नाही’ — एम.ए.च्या पहिल्या वर्षी तिनं हे वहीच्या मागच्या पानावर उतरवून पाठ केले होते, धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या बसमध्ये ओठातल्या ओठात म्हणत. ते तोंडात असले की आपण कुठल्या वस्तीतून आलो ते कुणाला ऐकू येत नाही, असं तिला वाटायचं... किती जीव लावला होता तिनं त्यांना.

प्रबंध जिनिंग कारखान्यात कापूस निवडणाऱ्या बायांच्या बोलीवर होता. दारात गवार मोडत बसलेल्या लिलाबाईंनी, तिच्या आईनं, काय लिहिलंस ते वाच म्हटलं, म्हणून तिनं वाचलं, ‘निवेदक क्रमांक तीन यांच्या कथनावरून असे दिसून येते की, तान्ह्या मुलांना कापसाच्या ढिगावर निजवले जात असे.’

“कोणले दिसस?” आईनं विचारलं.

मृणालीनं सांगितलं, असंच लिहायची रीत आहे, संशोधनात ‘मी’ येत नाही. आईला ते पटलं असावं. तिनं दोन शेंगा मोडल्या.

“त्या ढिगवर तूच ते झोपेल व्हती ना,” ती म्हणाली.

निवेदक क्रमांक तीन म्हणजे आपली आई, हे मृणालीनं मॅडमनासुद्धा सांगितलेलं नव्हतं. ढीग आठवतो का? पाठीखालची ऊब, नाकात गेलेला तंतू, वर मशीनची घरघर — का हे सगळं आईकडून ऐकलेलं... सांगता येत नव्हतं.

तिनं ‘निवेदक क्रमांक तीन’ खोडलं. त्या जागी ‘माझी आई’ लिहायचं म्हणजे पुढचं पानच्या पान बदलणार, मॅडम चष्मा काढून बघणार, काहीतरी विचारणार... पेन कागदावर टेकवून ती बसून राहिली. भीती वाटत होती. हजेरीत आपलं नाव यायच्या आधी वाटते तशी.