मागची थोरली चाकं

लष्करानं मोडीत काढलेली जीप लालासाहेबानं पुण्याच्या लिलावातून उचलली, ती धाकट्या भावाच्या भरवशावर. कृष्णात नुकताच फौजेतून सुटून आला होता आणि तिथं त्यानं उभी हयात गाड्या चालवण्यातच घालवली होती. दोघा भावांचा कृष्णाकाठी ऊस होता, दारात ट्रॅक्टर होता. जीपवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते दुष्काळी माण तालुक्यात दिलेल्या बहिणीचं.

साल बहात्तरचं. हरणाबाईच्या गावात विहिरींचे तळ उघडे पडले होते. शेळ्या मातीमोलानं बाजारात गेल्या आणि दावणीला उरली एक खिल्लारी जोडी. ती विकली तर पुढं पाऊस आल्यावर पेरायचं कशानं? तिचा नवरा अर्जुना बैल विकून मुंबईला गिरणीत जायचं म्हणत होता. हरणाबाईनं भावांना निरोप धाडला, की मला लुगडं नको, चोळी नको, माझ्या बैलांना वैरण द्या. भावांच्या रानात ऊसतोड चाललेली. वाडं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बांधाला पडून वाळत होतं. जीपला ट्रेलर जोडायचा, त्यात वाडं भरायचं आणि विट्यावरून माणात नेऊन टाकायचं, असं ठरलं.

माशी शिंकली ती टायरांपाशी. पुढचे बरे होते, मागचे पार गुळगुळीत. लालासाहेबानं त्याच रिमवर बसणारे, पण चांगले चार बोटं उंच टायर आणून मागं चढवले. त्याचं सगळं शहाणपण ट्रॅक्टरवर बसून आलेलं. मागचं चाक थोरलं असलं की ओढ येते, हे त्यानं रानात रोज बघितलं होतं, आणि ऊस गोड लागला की मुळासकट खाणाऱ्यांतला तो माणूस होता.

कृष्णातला यातली खोट ठाऊक होती. ट्रॅक्टरची पुढची चाकं नुसती पुढं चालतात, ओढायचं काम मागची करतात. जीपला गिअरशेजारी एक जादा दांडा असतो, तो टाकला की तिची चारी चाकं ओढायला लागतात, आणि तीही एकाच गतीनं. लहान चाकाला त्याच वाटेवर जास्त फेरे घ्यावे लागतात, थोरल्याला कमी. थोराड खिल्लार आणि ठेंगणा खोंड एका जुवाला जुंपावा, तसली ती गत. वाळूत, मातीत चाक थोडं घसरतं आणि निभावून जातं. टणक रस्त्यावर घसरायला वाव नसतो. मग सगळा ताण गाडीच्या पोटात साठत जातो आणि दांडा असा आवळतो, की काढू म्हटलं तर निघत नाही.

तो एकदा बोलला. "आबा, हिची चारी चाकं एका मापाची लागत्यात."

लालासाहेबानं अंगणातल्या ट्रॅक्टरकडं बोट दाखवलं आणि विचारलं, "मग त्येची का न्हाईत रं?"

बसलेली माणसं हसली. कृष्णातही हसला. तोफांच्या आवाजात गाडी हाकलेला गडी, पण त्या घरात थोरल्याच्या शब्दावर दुसऱ्यांदा शब्द जात नसे. शिवाय खरं सांगायचं तर मागच्या अंगानं उंच झालेली ती जीप त्यालाही ऐटबाज दिसत होती. साध्या रस्त्याला दांडा टाकायचाच नाही, आणि आवळला तर फौजेतली युक्ती होतीच. गाडी हातभर मागं घेतली की पोटातला ताण उतरतो आणि दांडा सुटतो. माहिती असलेली चूक माणूस अशी युक्तीच्या आधारानं पोसत राहतो.

पहिल्या काही खेपा बिनबोभाट झाल्या. गावाअलीकडं एक कोरडा ओढा होता. तिथल्या वाळूत दांडा टाकल्याशिवाय भरला ट्रेलर हलत नसे. ओढा संपला की लगेच खिंडीचा चढ. त्या चढावर अर्जुना हातात भला दगड घेऊन ट्रेलरमागून चालायचा. गाडी थबकली की चाकामागं दगड, निघाली की दगड उचलून पुन्हा मागं. बैलगाडीच्या दिवसांपासून त्या खिंडीची रीतच तशी होती. वाडं आलेलं बघून बैल दावं ताणायचे, आणि मुंबईचं नाव अर्जुनाच्या तोंडून हळूहळू गेलं. त्याला हसताना बघून कृष्णातला बरं वाटायचं.

दरम्यान खिंडीत दुष्काळी काम निघालं. गावानं खडी फोडली, त्यात हरणाबाईही होती. चढावर खडी अंथरली गेली, वर मुरूम पडला, रोलर फिरला आणि वाट दगडासारखी टणक झाली. गावाला केवढा आनंद झाला. तेव्हापासून दांडा आवळायला लागला. कृष्णात चढाच्या पायथ्याशी गाडी हातभर मागं घ्यायचा, दांडा काढायचा आणि मग वर चढायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं त्याला वाटायचं.

त्या दिवशी ओढ्यातून गाडी वर आली, तर मागोमाग कामावरच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन त्याच वाटेनं निघालेल्या. मागं घ्यायला जागा नव्हती. कृष्णातनं विचार केला, जाऊ तसंच, वर गेल्यावर काढू. निम्म्या चढावर इंजिन घुसमटायला लागलं. पोटातून कडकड आवाज आला आणि गाडी जागच्या जागी गुदमरून थांबली. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला फोडलेला खडक. मागं अर्जुनानं ट्रेलरच्या चाकाला दगड लावला आणि बाया खालीच थांबल्या.

दांडा हलेना. आता हातभर मागं घेतल्याशिवाय गत नव्हती, आणि मागं घ्यायचं तर दगड काढायला पाहिजे. कृष्णातनं बाहेर डोकं काढून सांगितलं, "दाजी, दगड काढा आन् बाजूला व्हा."

अर्जुनानं दगड काढला. बाजूला मात्र तो झाला नाही. गाडी थोडी मागं आली की पुन्हा दगड लावायचा, ही त्याची सवय, म्हणून तो खडकाच्या अंगाला दगड धरून वाकून उभा राहिला. कृष्णातला तो आरशात दिसत नव्हता, वाड्याचा भारा आड होता. बाजूला झालाच असेल, असं त्यानं धरलं. एक पाय ब्रेकवर ठेवून त्यानं दोन्ही हातांनी दांडा ओढला. गाडी इंचभर मागं सरली आणि इतका वेळ आवळलेला तो दांडा एकदम सुटून भलत्याच घरात, न्यूट्रलमध्ये, गेला. चाकांचं आणि इंजिनाचं नातंच तुटलं. भरल्या ट्रेलरचा भार जुन्या ब्रेकला पेलला नाही. ट्रेलर तिरपा होऊन मागं धावला आणि खडकावर जाऊन बसला. मध्ये अर्जुना होता.

बायांनी पाट्या टाकल्या आणि वाडं उपसलं. अर्जुनाच्या हातात दगड तसाच होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब आला. लहान पोरासारखा रडला आणि आल्या-गेल्याला ब्रेक फेल झाल्याचं सांगत बसला. ते पुरतं खोटंही नव्हतं. कृष्णात शेजारी मान खाली घालून बसून राहिला. खरं कारण त्यानं याही वेळी सांगितलं नाही.

तेराव्याला भावांनी दुखवट्याचं लुगडं आणलं. माणसं पांगल्यावर हरणाबाई गोठ्यात गेली. तेरा दिवस झाले होते, पण बैलांची वैरण तिनं एकदाही चुकवली नव्हती. कृष्णात मागोमाग गेला. तिनं पाठमोरीच विचारलं, "दादा, वर चढायची गाडी मागं का आली?"

कृष्णातनं सगळं सांगितलं. लहान चाकं, थोरली चाकं, आवळलेला दांडा, हातभर मागं घेण्याची युक्ती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आबाला बोलला व्हतास?"

"एकदा बोललो. थोरल्याच्या म्होरं किती बोलायचं, म्हणून गप बसलो."

"मग मला सांगायचंस," हरणाबाई म्हणाली. "त्येस्नी सांगायचंस. आमी काय थोरलं व्हतो?"

कृष्णात गव्हाणीला धरून उभा राहिला. दोन बैल संथपणे वाडं खात होते, त्याच खेपेतलं उरलेलं. गव्हाणीत आता मूठ-दोन मूठच राहिलं होतं. मृगाला अजून अवकाश होता.

"खेप कवा आणतोस?" तिनं विचारलं.

त्यानं गव्हाणीतलं उरलंसुरलं वाडं बैलांपुढं सारलं.

"बैलं जित्ती हायती अजून," ती म्हणाली. "ती चाकं काढून ये."

घरी पोचल्यावर कृष्णातनं अंगणात जीप उचलून मागची थोरली चाकं काढली आणि त्यांचे टायर उकिरड्यावर टाकले. लालासाहेब ओट्यावर बसून बघत होता. कृष्णातनं त्याला विचारलं नाही. पुढच्या मापाचे जुने टायर शोधून त्यानं मागं चढवले आणि वाडं भरलं.

ओढ्याच्या वाळूतून गाडी वर आली. त्यानं दांड्याला हात घातला, तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मागं घ्यायची गरजच नव्हती. एवढंच तर करायचं होतं.

चढाच्या तोंडाशी हरणाबाई उभी होती. दुखवट्याचंच लुगडं नेसलेली, दोन्ही हातांत दगड. कृष्णात खाली उतरला आणि आता दगडाची गरज नाही, गाडी मागं येत नाही, असं तिला परोपरीनं सांगायला लागला.

"तुजं तू चालव," ती म्हणाली, आणि ट्रेलरच्या मागं जाऊन उभी राहिली.