बावन्न दातांची चक्री

रविवारी सकाळी सायकलने पन्हाळ्याला जायचं आणि गडाच्या नाक्यावर चहा पिऊन उतरायचं, हा गणपतराव आणि आकारामचा अकरा वर्षांचा नेम. नेमाला कलम एकच. जो आधी पोचेल त्याने पोचल्या पोचल्या दोन चहा सांगायचे. मागून येणाऱ्याला आपला चहा किती निवलाय त्यावरून कळायचं, आपण किती मागे पडलो ते.

दहा वर्षं चहा गणपतरावांनी सांगितला. बाकी सगळीकडे आकाराम पुढे. शिवाजी पेठेतल्या एकाच गल्लीत दोघं वाढले. तालमीच्या फुटबॉल संघात आकाराम डाव्या बाजूने चेंडू घेऊन पळायचा, आणि गणपतराव मैदानाबाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसायचे. पुढे आकारामच्या म्हशी झाल्या, गोठा झाला, लग्नाच्या पंगतीत त्याला हाताला धरून वर बसवू लागले. गणपतराव शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. हे सगळं त्यांनी गिळलं होतं, कारण रविवारी वाघबिळाच्या पुढे चढ लागला की तो भरल्या अंगाचा माणूस धापा टाकत मागे राहायचा, आणि शिडशिडीत गणपतराव वर बसून त्याच्या ग्लासातल्या चहावर साय धरताना बघायचे. एवढं एक त्यांचं होतं.

गेल्या दिवाळीत तेही गेलं. आकारामच्या पोरीने, स्नेहलने, पुण्याहून बापाला रोड बाइक पाठवली. बारीक टायर, वाकडं हँडल, एका हाताने उचलावी इतकी हलकी. या स्नेहलला दहावीचं गणित गणपतरावांनी शिकवलं होतं. वर्गमूळ आम्ही शिकवायचं आणि सायकल बापाला, असं त्यांच्या मनात आलं, आणि असं मनात येतं याची लाजही वाटली. लाज वाटली तरी ते गेलं नाही.

"बावन्न-छत्तीस हाय, लगा," आकाराम गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होता. "पेडलापाशी दोन चक्र्या. मोठी बावन्न दातांची, धाकटी छत्तीस. रेसवाल्यांचा क्रँक हाय ह्यो."

पंधरा दिवसांनी ती घेऊन तो पहिल्यांदा पन्हाळ्याला आला, आणि त्या दिवसापासून गणपतराव थंड चहा पीत होते. वर पोचले की आकाराम ऐसपैस बसलेला, आणि त्याची सायकल टपरीच्या भिंतीला चेनची बाजू लावून उभी. साखळी भिंतीला घासू नये एवढंही याला कळत नाही, आणि असल्या माणसाला असली सायकल. गणपतराव साय बोटाने बाजूला करून चहा संपवायचे आणि म्हणायचे, "छान झालाय."

शेवटी माघात त्यांनी रफिकच्या दुकानात स्वतःची सायकल बांधायला टाकली. रफिक त्यांचा जुना विद्यार्थी. सातवीत भागाकाराला अडला होता, आता पेठेत रेसच्या सायकली जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पोलादी जुनी पण हलकी फ्रेम मिळाली, चाकं झाली, ब्रेक झाले. क्रँकपाशी गाडं अडलं.

"सर, तुमाला पन्नास-चौतीस घालतो," रफिक म्हणाला. "मागच्या चाकाला मोठी चक्री बत्तीसची. चढाला पाय गरागरा फिरतील."

"आकारामला बावन्न-छत्तीस आहे."

रफिकने पान्याचं तोंड फडक्याने पुसलं. पुसून झालं होतं तरी पुसत राहिला.

"त्यांचं त्येंच्यापाशी. तुमचं वय काय, गुडघं काय. तुमच्या जुन्या सायकलला पुढं बारकी चक्री हाय, म्हणून तुमी घाट चढत आलाय."

"बावन्न-छत्तीस मिळेल का नाही, ते सांग."

"मिळंल की. एक हाय पडून. एकाच माणसानं एकाच दिवशी वापरलेली." त्याने फळीवरून फडक्यात गुंडाळलेला क्रँक काढला. काळा, झळाळता. पेडलाच्या डाव्या दांड्यावर नखाएवढा ओरखडा होता. "पण मागं मग अठ्ठावीसचीच बसंल माझ्याकडं आत्ता. छत्तीस भागिले अठ्ठावीस करून बघा. भागाकार तुमीच शिकवलाय मला."

गणपतरावांनी घरी जाऊन वहीत भागाकार केला. रफिकच्या चक्र्यांनी पेडलाच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम एक फेरा घेणार. या काळ्या क्रँकने सव्वाच्या वर. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ पाव भाग जास्त घाट ओढायचा, तोही त्रेसष्टाव्या वर्षी. उत्तर स्वच्छ होतं. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना सांगितलं होतं, उत्तर आवडलं नाही म्हणून गणित बदलत नसतं. त्यांनी पान उलटलं आणि सकाळी रफिकला निरोप दिला, काळाच घाल.

पहिल्या रविवारी नदीच्या पुलापासून वाघबिळापर्यंत गणपतराव आकारामच्या पुढे होते. सपाटीला ती चक्री अशी काही पळत होती की त्यांना मागे वळून बघायची चोरटी हौस आली. तीनदा बघितलं. आकाराम लांब होता. नाक्यावर दोन चहा कसे सांगायचे, आवाज किती सहज ठेवायचा, हेही त्यांनी ठरवलं.

मग घाट लागला. पहिल्या वळणावर ते पेडलवर उभे राहिले. दुसऱ्या वळणावर पेडल खाली जाईना. उजव्या गुडघ्यात कुणी खिळा ठोकावा तशी कळ आली. सायकल डुलली आणि ते उतरले. तेवढ्यात शेजारून आकाराम गेला. पाय भराभरा फिरत होते, चेहरा लाल, पण सायकल चालली होती.

"ये सावकाश, मास्तर," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

सायकल हाताने ढकलत गणपतराव नाक्यावर पोचले. आकाराम बाहेर नव्हता, टपरीच्या आत त्याचा आवाज येत होता. भिंतीला ती सायकल उभी. नेहमीसारखी चेन आतल्या बाजूला. छत्तीस दातांवर या घाटात पाय इतके भराभरा कसे फिरतील?

दुसऱ्याच्या वस्तूला त्यांनी जन्मात विचारल्याशिवाय हात लावला नव्हता. तरी त्यांनी ती सायकल धरली, भिंतीपासून ओढली आणि दुखऱ्या गुडघ्यावर वाकून चक्रीवरचे बारीक आकडे वाचले. पन्नास. आतल्या चक्रीवर, चौतीस.

"बघितलंस न्हवं," मागून आकाराम म्हणाला. दोन्ही हातांत ग्लास होते, दोन्हींतून वाफ निघत होती. ते घाट ढकलत येईपर्यंत त्याने चहा सांगितलाच नव्हता. गणपतरावांना वाटलं, याच्यापेक्षा गार परवडला असता.

"बावन्न म्हणाला होतास."

"आलती तेव्हा बावन्नच हुती. तुज्यासंगं यायच्या आदी एकदा गुपचूप येऊन बघितलं. त्याच दुसऱ्या वळणाला आडवा झालो. तिथनं वरपातूर ढकलत आलो, दोन दिस गुडघं शेकत बसलो. मग रफिककडनं बदलून घेतली."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला कसं सांगू? धा वर्सं तू हितं बसून माझ्याकडं बघत हुतास. घाट चढून आलो की पैल्यांदा तुझं त्वांड दिसायचं. ते किती सुखात असायचं, ठावं हाय?"

गणपतरावांनी चहाचा घोट घेतला. जीभ पोळली. आपलं तोंड दिसत असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"मग तुझी ती बावन्न कुठं गेली?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

आकाराम त्यांच्या सायकलीपाशी गेला आणि डाव्या दांड्यावरच्या ओरखड्यावर अंगठा फिरवला.

"तुला न्हाई सांगितलं त्यानं? ही काय."

गड उतरल्यावर आकाराम गोठ्याकडे वळला. गणपतराव सरळ रफिकच्या दुकानात गेले. रफिकने त्यांच्या चालण्याकडे बघितलं, मग फळीवरून नवा खोका काढला.

"मी म्हणलोतो न्हवं, सर. पर त्येंनी आण घातलीती, सांगायचं न्हाई म्हणून."

"पुढे पन्नास-चौतीसच घाल," गणपतराव म्हणाले. आता मनाला शांत वाटायला हवं होतं. आकारामही आपल्यासारखाच जळत होता, हे कळल्यावर तरी वाटायला हवं होतं. डोळ्यांपुढे मात्र वाफ निघणारे ते दोन ग्लास येत होते. "मागे आकारामला मोठी किती दातांची?"

"बत्तीस."

"मला चौतीस घाल."

"सर, बत्तीस बास हाय तुमाला. तुमी हलकं हाय त्येंच्यापरास."

"चौतीस," गणपतराव म्हणाले. चौतीस भागिले चौतीस. भागाकार करायचीही गरज नव्हती. "आणि हे त्याला सांगू नकोस."

रफिक हसला नाही. त्याने पाना उचलला.

बुधवारी सायकल तयार झाली. गणपतरावांनी ती घरी आणून भिंतीला लावली, दोन पावलं मागे सरून बघितलं, आणि परत जाऊन फिरवून ठेवली, चेनची बाजू आत.