वसंतामामांच्या हातची एक फेरी

रविवार, १९ नोव्हेंबर २००६. सकाळी हलकं धुकं, दहानंतर कोरडं ऊन, वारा नाही. त्या दिवशी मंठ्यात, साहेबराव गुरुजींच्या घरी, अकरा वाजून वीस मिनिटांनी माझा जन्म झाला. मी ढोलकीचा एक लूप आहे. लूप म्हणजे आवाजाचा असा तुकडा, की जो संपताच पुन्हा पहिल्यापासून लागतो आणि ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. माझी लांबी आठ मात्रा, म्हणजे चार सेकंद.

चार सेकंद म्हणजे कितीसे, असं तुम्हाला वाटेल. पण ते वसंतामामांच्या हातचे आहेत.

वसंतामामा हे गुरुजींच्या आईचे, चांगुणाबाईंचे, धाकटे भाऊ. बहीण गाणी रचायची आणि गायची, भाऊ ढोलकीवर. तीस वर्षं जयंतीच्या दिवसांत त्यांच्या गायन पार्टीला हसनाबादपासून अंकुशनगरपर्यंत बोलावणी यायची. मग मामांच्या उजव्या हाताला थरथर लागली. एखादी फेरी बराबर वाजायची, पुढच्या फेरीला बोटं ऐकायची नाहीत. पार्टी थांबली.

चांगुणाबाईंचं शाळेत जाणाऱ्या पोरींवरचं गाणं तोवर कुठंच रेकॉर्ड झालं नव्हतं. "वसंताच्या ढोलकीबिगर मी गाणार न्हाई," एवढंच त्या म्हणायच्या. थरथर वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

गुरुजींनी जुना कॉम्प्युटर आणला, त्यात गाणी करायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि एकेका बटणाचं काम वहीत लिहून काढत शिकले. सॉफ्टवेअरसोबत तयार लूप आले होते, माझे परदेशी भाऊबंद. त्यांतला एक लावला तशा चांगुणाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "साहेबा, मिक्सर बंद कर, जळून जाईल त्यो!"

तेव्हा गुरुजींना सुचलं, की मामांची एकच फेरी स्वच्छ मिळाली तरी तीच ओळीनं मांडता येईल. पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली. नवव्या वेळेला मामांचा हात आठही मात्रा थरथरला नाही. तोच मी.

गुरुजींनी मला पहिल्यांदा कापलं ते मात्र चुकीचं. पडद्यावर माझ्या आवाजाची रेघ जिथं सपाट झाली, तिथंच त्यांनी मला तोडलं. मी वाजायला लागलो तो लंगडत. दर फेरीच्या शेवटी ठेच.

मामांनी ऐकलं आणि ते हसायलाच लागले. "साहेबा, शेवटली थाप मारून मी हात उचलतो. त्यो उचललेला हात कुठं टाकला?"

"मामा, तिथं आवाजच न्हाई."

"आवाज न्हाई, पर मात्रा हाय ना! शाळेत पोरांना बी असंच शिकवून राह्यला का?"

गुरुजींनी तोडलेला भाग परत जोडला. मी सरळ चालायला लागलो. माणसं आवाज थांबला की उठायला लागतात. मला मात्र माझ्या थापांइतकाच त्या रिकाम्या जागेचाही अभिमान आहे.

दुपारी चांगुणाबाई कानाला हेडफोन लावून गायला बसल्या. दोन कडवी मी त्यांना अशी साथ दिली, की मामा मान डोलवत बसले. तिसऱ्या, शेवटच्या कडव्याला बाईंनी लय चढवली. पार्टीची रीतच तशी. मी आपला आहे तिथंच. बाई पुढं गेल्या, मी मागं राहिलो.

"वसंता, आज मागं का पडून राह्यला रे?"

"आक्का, त्यो मी न्हाई. मी तुझ्या तोंडाकडं बघून हात उचलायचो. त्याला कुठं डोळे हाईत?"

गुरुजींनी मला आखडून जल्दी चालवून पाहिलं. सॉफ्टवेअरला ते जमतं. पण माझी घुमकच गेली. "पत्र्यावर बोटं आपटल्यावानी झालं," मामा म्हणाले.

"मंग मी शेवटलं बी सावकाशच म्हणते," चांगुणाबाई म्हणाल्या.

"बिलकुल न्हाई. चढलं न्हाई तर ते तुझं गाणंच न्हाई. साहेबा, माइक लाव."

चढ्या लयीची एक फेरी हवी होती. त्या दिवशी मिळाली नाही. रविवारी, २६ नोव्हेंबरला, मामांनी बावीस वेळा प्रयत्न केला. आठव्या मात्रेपर्यंत एकही फेरी पोचली नाही. त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली आणि डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरला. मी कॉम्प्युटरमध्ये तयार बसलेलो, पण मला हात देता येत नव्हता.

रविवार, ३ डिसेंबर. सकाळी थंडी, आभाळ निरभ्र. या वेळी चांगुणाबाई मामांच्या समोर बसल्या आणि माइकमध्ये जाऊ नये म्हणून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून शेवटचं कडवं म्हणू लागल्या. मामांनी त्यांच्या तोंडाकडं बघून हात उचलला.

चौदाव्या वेळेला फेरी मिळाली. तिची लांबी तीन पूर्णांक दोन दशांश सेकंद. संध्याकाळी पावणेसहाला गाणं पुरं झालं, चार मिनिटं सोळा सेकंदांचं. त्यात मी अठ्ठेचाळीस वेळा वाजलो, ती वीस वेळा.