फाटक झालंच, बाई!

उन्हाळा आला की या सोसायटीतल्या माणसांची डोकी आधी तापतात आणि भिंती मागून, असं बाईंचं ठाम मत होतं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि गेली तीन वर्षं सोसायटीच्या सचिव. निवडून वगैरे आल्या नव्हत्या. सभेत सचिवपदासाठी नाव विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि यांची तेवढी वर राहिली, एवढंच.

उन्हाळ्यातल्या कामांची यादी त्यांनी ऑफिसातल्या फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिली होती. गच्चीवरच्या टाक्या धुवायच्या, वाळकं गवत काढायचं, आग विझवायची नळकांडी तपासून घ्यायची. ती कामं रडतखडत का होईना, चालली होती. बाईंचा जीव अडकला होता तो पोहण्याच्या तलावाच्या फाटकात. सोडलं की आपोआप मिटायचं आणि खटका बसायचा, असं ते फाटक. आता खटकाच तुटलेला. झुळूक आली तरी फाटक सताड उघडं, आणि आत पाच फूट पाणी.

त्यात या सुट्टीत बाईंची नात घरात होती. पाच वर्षांची, एका जागी उभी म्हणून राहायची नाही, त्यामुळे तिला भिंगरीच म्हणत. मुलगा आणि सून दोनच महिन्यांपूर्वी इथे राहायला आले होते. सून घरूनच काम करायची आणि पोरीचं खाणंपिणं, झोपणं सगळं स्वतः ठरवायची. बाईंना विचारायची नाही. उद्धटपणे नव्हे हं, अगदी गोड बोलून विचारायची नाही. पण फाटकाच्या बाबतीत ती आपणहून म्हणाली होती, "आई, फाटक झालं की मला सांगा. तोवर मी हिला एकटीला बागेत सोडणार नाही. तुम्ही म्हणालात की सोडेन."

तुम्ही म्हणालात की! बाईंना दिवसभर बरं वाटलं होतं.

पण होईल तर ना! अध्यक्षांकडे फाटकाचं काढावं, तर ते छत्र्यांवर यायचे. तलावाकाठी बसायला नव्या छत्र्या घ्यायच्या होत्या.

"बाई, निळ्या की हिरव्या?"

"अहो, तिथे पोरं बुडायची वेळ आलीय!"

"म्हणूनच म्हणतो, हिरव्या. पाण्यात मिसळून जात नाहीत."

बाईंनी कपाळाला हात लावला होता.

फाटक दुरुस्त करणाऱ्या फिटरची तर तऱ्हाच और. पंधरा दिवस तो फोनवर "निघालोच, बाई" म्हणत होता आणि निघत नव्हता. "पोचलोच" म्हणाला, त्या दिवशी तर फिरकलासुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी बाई सहाव्या मजल्यावरच्या गच्चीवर टाकी धुणाऱ्यांच्या मागे उभ्या होत्या. ऊन मी म्हणत होतं, गुडघा ठणकत होता. तिथूनच त्यांनी पुन्हा फोन लावला. पलीकडे हातोड्याचे ठाक ठाक आवाज येत होते.

"फाटकाचं काय झालं?" बाई कडाडल्या.

"फाटक? झालंच, बाई!"

बाईंना हायसं वाटलं. हातोडा तर कानांनी ऐकला होता. एकदा खाली जाऊन बघावं, असं मनात आलं, पण सहा मजले उतरायचे, पुन्हा चढायचे, आणि लिफ्ट नेमकी दुरुस्तीला काढलेली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'तलावाचे फाटक दुरुस्त झाले आहे. पालकांनी निश्चिंत असावे. – सचिव.' पटापटा बत्तीस अंगठे उमटले. एकही माणूस जाऊन बघून आला नाही.

अर्ध्या तासाने त्यांनी सहज कठड्यावरून खाली डोकावलं. तलावात अध्यक्ष! इस्त्रीच्या शर्टपँटसकट!

"आता हे कपडे घालून डुंबायला लागले," बाई वैतागून टाकीवाल्यांना म्हणाल्या. "छत्र्यांचा रंग पाण्यातून कसा दिसतो ते बघत असतील."

मग अध्यक्षांनी हात वर केले आणि हातांत पिवळा फ्रॉक दिसला.

त्या सहा मजले कशा उतरल्या, त्यांना कळलं नाही. गुडघा होता की नव्हता, तेही कळलं नाही. फाटक सताड उघडं होतं. काठावर भिंगरी खोकत, रडत बसली होती, आणि अध्यक्ष तिची पाठ थोपटत होते.

"छत्र्यांची जागा मोजायला आलो होतो," ते म्हणाले. "मागे धप्प आवाज झाला. ठीक आहे ती. पाणी थोडंच गेलंय नाकातोंडात."

तेवढ्यात फिटर फाटकातून आत आला, खांद्यावर पिशवी, हातात नवाकोरा खटका.

"तू झालं म्हणालास ना रे!" बाई अंगावर धावून गेल्या.

"झालं कुठे म्हणालो, बाई?" तो बावरला. "झालंच म्हणालो. म्हणजे आता करतोच. पलीकडच्या इमारतीत होतो."

उभं आयुष्य व्याकरण शिकवलेल्या बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. पोचलोच म्हणजे पोचलेला नाही, हे त्यांना पंधरा दिवस पक्कं ठाऊक होतं. आणि झालंच मात्र त्यांनी झालं म्हणून खपवलं, कारण पाय दुखत होता! त्यांना स्वतःचा इतका संताप आला की रडूही येईना.

जिन्यावरून धावत सून आली. तिने लेकीला ओढून कवेत घेतलं.

"काही नाही, काही नाही," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "जरा पाय घसरला, एवढंच. फाटक आत्ता आत्ताच बिघडलं असेल."

फिटरने खाली बघितलं. गप्प राहिलं असतं तर निभावून गेलं असतं.

"फाटक झालंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी न बघता लिहिलं. माझ्या भरवशावर तू तिला सोडलंस आणि मी जाऊन बघितलंही नाही गं."

सून ओढणीने पोरीचे केस पुसत राहिली. मग तिने भिंगरीला उचललं आणि नेहमीच्याच गोड, मऊ आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही उन्हातून आलाय. घरी जाऊन पडा जरा. हिचं मी बघते."

"बरं," बाई म्हणाल्या.